आमच्या बॉयलरला जवळच्या जंगलाचं जळण: दोन हंगाम वापरलेल्या सेवेबद्दल

गाडी मागे लागली आणि लाकडाचे चिप्स, म्हणजे यंत्राने केलेले बारीक तुकडे, बंकरमध्ये, म्हणजे बॉयलरच्या जळणाच्या कोठीत, पडायला लागले की मी आधी वास घेते. माल सुका आणि ताजा असेल तर रंधा मारलेल्या लाकडासारखा वास येतो. आंबूस, कुबट वास आला तर तो ढिगात बरेच दिवस पडून तापलाय असं समजायचं. मग हात कोपरापर्यंत आत घालून बघायचा. आत कोमट लागलं की गाडी थांबवायची. पहिल्या हंगामात आमच्याकडे एक पुरवठादार होता, त्याच्या गाड्यांनी मला हे शिकवलं. त्यानंतरचे दोन हंगाम दुसऱ्या पुरवठादाराकडून जळण घेतेय. या दोन हंगामांत हात घालून गाडी परत पाठवायची वेळ एकदाच आली. हा रिव्ह्यू या दुसऱ्या सेवेचा आहे. दोघांचीही नावं देत नाही, कारण लाकूड बहुतेक सगळीकडे त्या-त्या भागातलाच माणूस पुरवतो आणि वाचणाऱ्याला आमचा माणूस उपयोगाचा नाही. त्याची कामाची पद्धत मात्र कुणालाही आपल्या पुरवठादाराकडे मागता येईल.

आमची गरज आधी सांगते. मी एका निवासी वसाहतीचा बॉयलर सांभाळते. 200 किलोवॅटचा आहे, लाकडाच्या चिप्सवर चालतो, आणि त्याचं गरम पाणी पाइपांमधून सगळ्या इमारतींत फिरतं. चिप्समध्ये 30 टक्के ओलावा असेल तर पूर्ण लोडवर तासाला साधारण 70 किलो लागतात. चाळीस घनमीटरची गाडी म्हणजे ढोबळमानाने दहा टन. ती आम्हाला सहा दिवस पुरते.

पण हेच दहा टन 50 टक्के ओलाव्याचे असतील, म्हणजे झाड नुकतंच तोडून चिपरमध्ये, म्हणजे चिप्स करणाऱ्या यंत्रात, घातलेलं असेल, तर चार दिवसही पुरत नाहीत. कोरड्या लाकडात किलोमागे साधारण साडेअठरा मेगाज्यूल ऊर्जा असते. 30 टक्के ओलावा असला तर हातात बारा येतात, 50 टक्क्यांना जेमतेम आठ. त्या किलोत लाकूडच कमी असतं, आणि त्यातली आणखी थोडी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पहिल्या हंगामात आम्ही टनावर पैसे देत होतो. म्हणजे प्रत्येक गाडीत पाच टन पाणी विकत घेऊन ते चिमणीतून बाहेर सोडत होतो. वर भट्टीचं तापमान चढायचं नाही, धूर पांढरा आणि दाट यायचा, चिमणीच्या आतल्या बाजूला डांबरासारखा काळा थर धरायचा. तो खरवडायला मीच वर चढायचे. पुरवठादाराला सांगितलं तर तो म्हणायचा, लाकूड आहे, ओलं असणारच. टनावर पैसे मिळणाऱ्या माणसाला ते सुकवण्यात काही फायदाच नव्हता, हे माझ्या लक्षात यायला तो सगळा हंगाम गेला.

नव्या पुरवठादाराने पहिल्याच भेटीत सांगितलं की आम्ही उष्णतेचे पैसे घेतो, वजनाचे नाही. त्याचे दोन मार्ग असतात. एकात बॉयलरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर हीट मीटर बसवायचा आणि त्यातून गेलेल्या युनिटवर बिल करायचं. त्यात बॉयलर कसा चालवला जातो याची जोखीमही पुरवठादारावर येते, त्यामुळे बॉयलरही तोच चालवणार असेल तिथेच ते जमतं. दुसरा मार्ग आम्ही घेतला. गाडी काट्यावर तोलायची, ओतताना पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणचे चिप्स एका बादलीत घ्यायचे, ते हलवून त्यातले दोन नमुने पिशवीत हवाबंद करायचे, एक त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. दोघांनी आपापल्या ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन बदलायचं थांबेपर्यंत सुकवायचे. दोन आकडे जुळले की वजन आणि ओलावा यांवरून किलोवॅट-तास काढायचे आणि त्यावर बिल.

पहिल्याच महिन्यात यावरून माझा वाद झाला. तो सविस्तर सांगते, कारण बॉयलरवर नवीन येणारा प्रत्येकजण इथे अडखळतो.

गाडीबरोबरच्या चिठ्ठीवर ओलावा 32 टक्के लिहिला होता. माझ्याकडे दोन पिनांचं हातात धरायचं यंत्र होतं, सुतार वापरतात तसं. मोठ्या तुकड्यांत पिना टोचल्या, तर यंत्र 46 दाखवायला लागलं. दुसऱ्या तुकड्यात 48. पुन्हा तेच सुरू झालं असं वाटून मी गाडीवरच्या काकांना स्पष्ट सांगितलं, "काका, चिठ्ठीवर 32 आणि मालात 47. ही गाडी मी उतरवून घेणार नाही." ते पुरवठादाराकडेच काम करणारे, वयस्कर गृहस्थ. त्यांनी वाद घातला नाही. बादली पालथी घालून त्यावर बसले, चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने लिहायला लागले. म्हणाले, "ताई, तुमचं यंत्र खोटं बोलत नाही. फक्त ते भागतं दुसऱ्या आकड्याने. तुम्ही आज पाचशे ग्रॅम ओव्हनला लावा. तीनशे चाळीसच्या आसपास उरले तर माझं खरं. नाही उरले तर गाडी मी भरून परत नेतो, काट्याचा खर्चही माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट ओव्हनमधून काढलं. चिप्स हाताला अगदी हलके, कडांना किंचित वाकलेले. तराजूवर 341 ग्रॅम. म्हणजे 159 ग्रॅम पाणी. ते एकूण 500 ला भागलं की 32 टक्के, आणि उरलेल्या कोरड्या लाकडाला, म्हणजे 341 ला भागलं की 47 टक्के. सुतारकामात ओलावा कोरड्या वजनावर सांगतात, जळणाच्या धंद्यात ओल्या वजनावर. दोन्ही आकडे एकाच ताटातले. शिवाय पिनांची यंत्रं तीस टक्क्यांच्या वर गेली की भरवशाची राहत नाहीत, तीही गोष्ट मला तेव्हाच कळली. मी फोन करून काकांची माफी मागितली. तेव्हापासून करारात "ओल्या वजनावर" हे शब्द लिहून घेतलेत, आणि पिनांचं यंत्र मी बाजूला ठेवलंय.

दोन हंगामांत चाळीसच्या वर गाड्या झाल्या. त्यांचे नि माझे आकडे दोन टक्क्यांच्या आत जुळले, तीन वेळा सोडून. त्या तिन्ही वेळा आम्ही दोघांनी उरलेला नमुना पुन्हा सुकवला आणि मधला आकडा धरला. बिलावरून एकदाही खेचाखेच झाली नाही.

सुकं लाकूड त्यांना कसं जमतं, हे मला बघायचं होतं. विचारलं तर म्हणाले, या की. त्यांच्याकडून जळण घेतलं त्या पहिल्या हंगामाच्या शेवटी दोन दिवस त्यांच्याबरोबर जंगलात गेले. बॉयलरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हे बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तिथे विरळणी चालली होती. एकत्र वाढलेल्या झाडांपैकी वाकडी, दबलेली, एकमेकांच्या सावलीत खुरटलेली झाडं काढायची, म्हणजे उरलेल्यांना ऊन आणि जागा मिळते. काढायच्या झाडांवर रंगाचा ठिपका आधीच होता. सरळ, जाड खोड निघालं तर ते करवतीच्या कारखान्याकडे वेगळं लावत होते. फळ्या निघतात त्या लाकडाला जाळणं त्यांना पटत नाही, आणि त्याचा भावही तिकडे जास्त मिळतो. आमच्या वाट्याला येतात वाकडी खोडं, शेंडे आणि जाड फांद्या. बारीक डहाळ्या आणि पाला मात्र ते तिथेच सोडतात. झाडातली पोषकद्रव्यं पाल्यात आणि सालीत जास्त असतात, ती बाहेर नेली तर पुढच्या झाडांचं खाणं जातं. शिवाय पाल्यातला क्लोरीन भट्टीला चांगला नसतो, म्हणजे तो जंगलात राहिला तर माझंही भलंच. यंत्र ज्या पट्ट्यातून जाणार तिथे त्याच डहाळ्यांचा जाड थर अंथरलेला होता, म्हणजे चाकांनी माती दबत नाही. ओढ्याच्या दोन्ही अंगांना एक पट्टा हात न लावता ठेवलेला. एक वाळून उभं असलेलं जुनं झाड होतं, सुतार पक्ष्यांनी भोकं पाडलेलं. मला ते उत्तम जळण वाटलं. ते का नाही घेत, असं विचारलं, तर उत्तर आलं की ते मुद्दाम ठेवलंय. मेलेल्या लाकडावर जगणारे किडे, बुरशी आणि पक्षी यांना दुसरी जागा नसते.

मग रस्त्याकडेला लावलेले ढीग बघितले. खोडं खाली आडवे ओंडके टाकून जमिनीपासून उचललेली, वाऱ्याच्या तोंडाला, वरून जाड कागदाचं आच्छादन. अख्खी खोडं अशी एक पूर्ण कोरडा हंगाम पडून राहतात आणि 50 टक्क्यांवरून 30 च्या आसपास येतात. चिपर लावतात तो गाडी आमच्याकडे यायच्या फार तर दोन-तीन दिवस आधी. सेवेचं सगळं मर्म मला या क्रमात दिसलं. लाकूड खोडाच्या रूपात सुकतं, ओल्या चिप्सच्या रूपात कुजतं. ओल्या चिप्सचा उंच ढीग रचला की जंतू आणि बुरशी कामाला लागतात, आतलं तापमान साठ अंशांच्या वर जातं, महिन्याला काही टक्के लाकूड नुसतं हवेत जातं, आणि फार वाईट वेळ आली तर ढीग आपोआप पेटतो. पहिला पुरवठादार हेच उलट्या क्रमाने करायचा. ओलं लाकूड आल्या दिवशी चिपरमध्ये, मग महिनाभर ढिगात. तो आंबूस वास तिथून यायचा.

आता तक्रारी.

पहिली, लांब काड्यांची. आमचा स्क्रू फीडर, म्हणजे चिप्स भट्टीत ढकलणारा फिरता स्क्रू, पी31एस या प्रतीचा माल मागतो. आयएसओ 17225 या मानकानुसार त्यातला किमान 60 टक्के भाग 3.15 ते 31.5 मिलिमीटरच्या मध्ये असावा लागतो. बहुतेक गाड्या तशा असतात. पण चिपरची पाती बोथट झाली की लाकूड कापलं न जाता फाटतं, आणि वीतभर लांबीच्या काड्या निघतात. त्यांच्याकडच्या दुसऱ्या हंगामात अशी एक गाडी आली. रात्री दोनला अलार्म. मी झाकण उघडलं तर हाताच्या अंगठ्याएवढी जाड काडी स्क्रूच्या पात्यात आणि नळीत तिरकी अडकून बसलेली, तिच्या मागे अजून चार. वीज बंद करून, कुलूप लावून, पक्कडीने एकेक ओढून काढायला दीड तास गेला. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. त्यांनी पाती बदलली आणि त्या गाडीची रक्कम कमी केली, हे मान्य. पण एवढा मोठा व्यवसाय करताना पाती किती तासांनी परजायची याची नोंद ठेवायला माझ्या अलार्मची वाट बघायला नको होती.

दुसरी, मातीची. परत पाठवलेली एकुलती गाडी ती हीच. ढिगाच्या तळाचा माल खरवडून भरला होता. हात घातला तर बोटांना रेती लागली. स्वच्छ लाकडाची राख एक टक्क्याहून कमी येते. साल वाढली की ती वाढते, आणि माती मिसळली की फारच. नुसती राख जास्त काढावी लागते एवढंच असतं तर मी उतरवून घेतलीही असती. पण रेती आणि लाकडातलं पोटॅशियम भट्टीत एकत्र वितळतं आणि जाळीवर काचेसारखे खडे धरतात. क्लिंकर म्हणतो आम्ही त्यांना. एकदा धरले की भट्टी थंड करून छिन्नीने फोडण्यावाचून इलाज नाही. गाडी परत गेली, दुसरी त्याच संध्याकाळी आली. तेवढ्यापुरतं त्यांनी चोख केलं.

तिसरी तक्रार मी दोन वेळा बदलली आहे. एकदा मोठा पाऊस झाला, जंगलातली वाट चिखलाने भरली आणि गाडी चार दिवस उशिरा आली. आम्हाला राखीव तेलाचा बॉयलर चालवावा लागला, त्याचा खर्च मोठा झाला. तेव्हा मी फार चिडले होते. नंतर जंगलात जाऊन आल्यावर ओल्या मातीत वीस टनांचं यंत्र घातलं की काय होतं ते डोळ्यांनी बघितलं. गुडघाभर खोल चाकोऱ्या, त्यांत साचलेलं पाणी, दोन्ही बाजूंना उघडी पडलेली मुळं. ती जागा कुणी दुसऱ्यानेच कधीतरी उकरली होती. आत न जाण्याचा त्यांचा निर्णय बरोबर होता. पण पावसाचा अंदाज दोन दिवस आधी आला होता, मला कळवलं गाडी न आल्यावर. आणि पक्क्या रस्त्यालगत आणीबाणीपुरता एक ढीग ठेवायलाच हवा होता.

राखेबद्दलही थोडी नाराजी आहे. स्वच्छ लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं, जंगलातून आलेलं ते जंगलात परत गेलं तर चांगलं; स्वीडनमध्ये हे रीतसर करतात. आमचा पुरवठादार राख नेत नाही.

जवळच्या जंगलातलं म्हणून हे जळण आपोआप चांगलं ठरतं, असं मी म्हणणार नाही. वसाहतीतल्या एका तरुण रहिवाशाने मला विचारलं होतं, "ताई, लाकूड जाळून कार्बन निघत नाही का?" निघतो, आणि भरपूर निघतो. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या 2006 च्या मार्गदर्शक आकड्यांप्रमाणे एका गिगाज्यूल ऊर्जेमागे लाकडातून 112 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, दगडी कोळशातून सुमारे 95, नैसर्गिक वायूतून 56. लाकडाचा हिशोब जुळतो तो जंगल तो कार्बन पुन्हा ओढून घेतं म्हणून, आणि किती वर्षांत घेतं यावर सगळं आहे. जमिनीवर पडून काही वर्षांत कुजणारच होते असे शेंडे आणि फांद्या जाळणं वेगळं, आणि ऐन वाढीतलं जाड झाड फक्त जाळण्यासाठी पाडणं वेगळं. म्हणून चिठ्ठीवर नुसतं "जंगलातलं लाकूड" लिहिलेलं मला चालत नाही. या सेवेच्या प्रत्येक चिठ्ठीवर जंगलाच्या कुठल्या तुकड्यातला माल, विरळणीचा की तोडीनंतरचा उरलेला, आणि किती किलोमीटरवरून आला, हे लिहिलेलं असतं. दोन चिठ्ठ्या घेऊन मी प्रत्यक्ष जागा बघून आले. दोन्ही खऱ्या होत्या.

ही काळजी आजची नाही. जर्मनीतल्या सॅक्सनीत फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना झालं, तेव्हा तिथल्या खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ याने 1713 मध्ये लिहून ठेवलं की जंगलातून तेवढंच काढा जेवढं ते भरून देऊ शकेल. शाश्वत वनव्यवस्थापनाचा विचार मांडणाऱ्या पहिल्या लिखाणांत ते धरतात, आणि तो विचार आला भट्टीच्या जळणाच्या चिंतेतून. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बर्लिंग्टनचं मॅकनील वीजकेंद्र 1984 पासून लाकडाच्या चिप्सवर चालतं. ते 50 मेगावॅटचं आहे, पूर्ण क्षमतेवर तासाला सुमारे 76 टन चिप्स लागतात, आणि तोडीवर लक्ष ठेवायला केंद्राचे स्वतःचे वनतज्ज्ञ आहेत. मला तासाला 70 किलो लागतात. माझ्यासाठी चिठ्ठी आणि कधीमधी एक फेरी पुरते. तासाला 76 टन घेणाऱ्याला माणसं नेमावीच लागतात. दुसरं असं की नुसती वीज करणाऱ्या अशा केंद्रात लाकडातल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच वीज होतो. आम्ही थेट गरम पाणी करतो, त्यामुळे ऐंशी टक्क्यांच्या वर हाती लागतं. स्वीडनमधल्या वेक्शो शहराने 1980 पासून हेच शहरभर केलं, लाकडावर पाणी तापवून पाइपांनी घरोघर. जंगल जवळ असेल आणि उष्णतेची गरजही जवळच असेल, तिथेच ही सेवा घ्यावी असं माझं मत आहे. चिप्स म्हणजे आकारमानाने निम्मी हवा आणि वजनाने तिसरा हिस्सा पाणी. त्यांना लांबून आणण्यात डिझेलच जळतं.

एक सुरक्षिततेची गोष्ट राहिली. बंद बंकरमध्ये लाकडाच्या, विशेषतः पेलेटच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्यांच्या, साठ्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. वास नाही, रंग नाही. पुरवठादाराच्या माणसाने पहिल्याच दिवशी आमच्या बंकरच्या दारात उभं राहून सांगितलं होतं की आत एकट्याने, हवा खेळवल्याशिवाय आणि त्या वायूचा मीटर न लावता कुणी उतरायचं नाही. आधीच्या हंगामात मी तशी कितीदा तरी उतरले होते. या एका सूचनेसाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

पाचपैकी चार तारे. पुढच्या हंगामाचा करार यांच्याशीच केलाय, तीन गोष्टी लिहून घेऊन: गाडीला उशीर होणार असेल तर अठ्ठेचाळीस तास आधी फोन, पक्क्या रस्त्यालगत दोन गाड्यांचा राखीव ढीग, आणि पाती परजल्याची तारीख चिठ्ठीवर. राखेचं पुन्हा बोलून बघणार आहे. या करारातली पहिली गाडी काल आली. वास चांगला होता, हात घातला तर आत थंड. चिठ्ठीवर 29 टक्के लिहिलंय. माझा नमुना ओव्हनमध्ये आहे, उद्या सकाळी तोलीन.